डाउनटाउन गजबजलेलं की नुसतंच उंच? अमेरिकेत नव्याने येणाऱ्यांसाठी

नोकरीच्या किंवा विद्यापीठाच्या पत्रावर डाउनटाउनचा पत्ता आला की ओळखीपाळखीतून दोन टोकांचे सल्ले सुरू होतात. शिकागोतला मित्र सांगतो, तिथेच घर घे, गाडीसुद्धा लागणार नाही. डॅलसच्या उपनगरात स्थिरावलेली मावशी सांगते, सहानंतर तिथे चिटपाखरू नसतं, सरळ फ्रिस्कोला ये. दोघंही खरंच बोलत असतात, पण आपापल्या शहरापुरतं. पुण्याहून येणाऱ्याच्या मनात शहराचा मध्य म्हणजे लक्ष्मी रोड असतो. अमेरिकेत मात्र शहराचं केंद्र कधी अत्यंत गजबजलेलं, कधी फक्त दुपारपुरतं जागं, तर कधी चक्क ओस असू शकतं, आणि बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात. तीच काचेची शिखरं, तेच पोस्टकार्डवरचे फोटो.

खाली दिलेल्या पायऱ्या घर शोधणाऱ्यांसाठी आहेत. चार दिवस हॉटेलात राहणाऱ्यांनी चौथी आणि पाचवी तरी वाचावी. सगळ्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: त्या भागात रात्री किती माणसं झोपतात? कामाला येणारे जातात, मॅच बघायला येणारे जातात, परिषदेला येणारेही जातात. किराणा दुकान, औषधाचं दुकान आणि रविवारी उघडं असणारं कॉफीचं दुकान चालतं ते राहणाऱ्यांच्या जिवावर.

हे असं का झालं, ते थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९च्या गृहनिर्माण कायद्याच्या पैशातून शहरांच्या मध्यावरच्या जुन्या वस्त्या पाडल्या गेल्या. १९५६च्या कायद्याने महामार्ग थेट शहराच्या पोटात घुसले. त्याच वर्षी मिनिआपोलिसजवळच्या इडायना गावात साउथडेल हा बंदिस्त, वातानुकूलित मॉल उघडला आणि खरेदीही उपनगरात गेली. गोऱ्या मध्यमवर्गाने उपनगरं गाठली. कृष्णवर्णीयांना तिथे घरकर्ज मिळणं दुरापास्त होतं. मध्यभागी उरल्या कचेऱ्या आणि गाड्या लावायची मोकळी पटांगणं. कोविडनंतर कचेरीतली माणसंही आठवड्यातून तीन दिवस येऊ लागली, तेव्हा फक्त कचेऱ्यांवर उभ्या असलेल्या डाउनटाउनचं पितळ उघडं पडलं.

पायरी १: आधी नेमका भाग कुठला ते ठरवा

शहराच्या नावापुढे डाउनटाउन लिहून शोधलं की काम झालं, असं नसतं. शार्लट शहरात मध्यभागाला अपटाउन म्हणतात. फिलाडेल्फियात तो सेंटर सिटी, शिकागोत लूप. न्यूयॉर्कमध्ये पर्यटकांच्या मनातला झगमगाट मिडटाउनचा असतो, तर डाउनटाउन म्हणजे वॉल स्ट्रीटकडचं दक्षिण टोक. अटलांटात डाउनटाउन आणि मिडटाउन दोन-तीन मैलांवर आहेत, पण संध्याकाळी पायी फिरायचं म्हटलं तर दोन वेगळी गावं वाटतील इतका फरक. मिडटाउनमध्ये रेस्तराँ आणि राहणारी माणसं, डाउनटाउनमध्ये हॉटेलं, सरकारी कार्यालयं आणि एका इमारतीतून दुसरीत नेणारे हवेतले पूल.

म्हणून घराच्या जाहिरातीत शहराचं नाव बघू नका, चौक बघा. दोन आडव्या-उभ्या रस्त्यांची नावं हाती आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पायरी २: घरबसल्या नकाशावर तपासणी

हे काम भारतातूनच होतं. लॅपटॉप उघडा आणि त्या चौकाचं उपग्रहचित्र बघा. इमारतींच्या मधे राखाडी चौकोन, त्यावर पांढऱ्या रेघा दिसल्या तर ती गाड्या लावायची पटांगणं. दोन-चार असली तर हरकत नाही. निम्मे ब्लॉक तसेच असतील, तर संध्याकाळी तुम्ही त्या पटांगणांच्या कडेकडेने एकटेच चालणार आहात.

मग किराणा. 'ग्रोसरी' शोधून जे येईल त्यातली पेट्रोल पंपावरची आणि कोपऱ्यावरची चिप्स-बियरची दुकानं वगळा. ज्यात दूध, कांदे, कोथिंबीर मिळेल असं दुकान पायी दहा-पंधरा मिनिटांत आहे का? शिकागोच्या स्टेट स्ट्रीटवर वास्तुकार लुई सलिव्हनच्या जुन्या, नक्षीदार लोखंडी कामाच्या इमारतीत टार्गेट या किराणाही विकणाऱ्या साखळीचं दुकान आहे. ह्यूस्टनमध्ये डिस्कव्हरी ग्रीन या बागेजवळ फिनिशिया हे मोठं दुकान आहे. असं एखादं दुकान टिकून आहे याचा अर्थ वरच्या मजल्यांवर माणसं राहतात.

त्यानंतर वेळा. आसपासच्या दहा उपाहारगृहांचे तास बघा. सात उपाहारगृहं दुपारी तीनला बंद होत असतील आणि शनिवार-रविवार 'बंद' लिहिलं असेल, तर पुढचं वाचायची गरजही नाही. रस्त्याची छायाचित्रं बघताना ती कोणत्या महिन्यातली, वर्षातली आहेत ते कोपऱ्यात लिहिलेलं असतं. त्याकडे नजर टाका, नाहीतर २०१९ची गर्दी बघून २०२०नंतरचं भाडं ठरवाल.

आणि रविवारची वाहतूक. अमेरिकेतल्या कम्यूटर रेल्वे मुख्यतः नोकरदारांना सकाळी आत आणि संध्याकाळी बाहेर नेण्यासाठी आखलेल्या आहेत. डॅलस आणि फोर्ट वर्थ जोडणारी टीआरई रविवारी धावतच नाही. शिकागोच्या मेट्रा या उपनगरी रेल्वेच्या काही मार्गांवर शनिवार-रविवार गाडी नसते. मुंबईच्या लोकलची सवय असलेल्याला हे खरं वाटत नाही, म्हणून वेळापत्रक स्वतः उघडून बघा.

पायरी ३: जमलं तर तीनदा जा

आल्यावर पहिले काही आठवडे तात्पुरत्या जागेत राहणार असाल तर हे सहज जमतं. मंगळवार ते गुरुवारमधली एक दुपार, कामाच्या दिवशीची संध्याकाळी सातची वेळ, आणि रविवारची सकाळ. शुक्रवारी जाऊ नका. हल्ली शुक्रवारी निम्म्या कचेऱ्या घरून चालतात आणि त्यावरून चुकीचं मत होतं.

दुपारी रस्त्यावर माणसं कमी आणि तरी इमारतींत गर्दी असं दिसलं, तर ती वर किंवा खाली गेली आहेत का बघा. ह्यूस्टन हे याचं नमुनेदार उदाहरण. रस्त्यापासून वीसेक फूट खाली, सुमारे ६ मैल लांबीचं बोगद्यांचं जाळं तिथे पसरलेलं आहे. सुरुवात १९३०च्या दशकातली. ऑगस्टच्या दुपारी वर डांबर वितळतंय की काय असं वाटतं, आणि एखाद्या बँकेच्या लॉबीतून सरकत्या जिन्याने खाली उतरलं की गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या माणसांच्या रांगा. सॅलड, सँडविच, चिकन टेरियाकी, बूटपॉलिश, केशकर्तनालय, दाताचा दवाखाना, सगळं खाली. भिंतींवर नकाशे, कारण पहिल्या दिवशी प्रत्येक जण चुकतो. चारच्या सुमारास शटर खाली यायला लागतात, सहाच्या आसपास बोगदे बंद होतात, आणि शनिवारी-रविवारी जवळजवळ सगळंच कुलूपबंद. खाली उतरायचे बहुतेक रस्ते इमारतींच्या लॉबीतून जातात, त्यामुळे नव्या माणसाला हे सगळं अस्तित्वात आहे याचाच पत्ता लागत नाही. तो वर उभा राहून म्हणतो, एवढ्या मोठ्या शहरात माणसं गेली कुठे!

मिनिआपोलिसने हाच प्रकार पहिल्या मजल्यावर केला. १९६२ पासून तिथे इमारती जोडणारे काचेचे पूल बांधत गेले, आज ते साडेनऊ मैलांच्या आसपास आहेत. जानेवारीत उणे वीस अंश असताना कोटाशिवाय जेवायला जाता येतं, हे सुख मोठंच. पण सगळी दुकानं वरच्या पातळीवर गेल्याने खालच्या फुटपाथला कोऱ्या भिंती तेवढ्या उरल्या. अशा शहरात ऑफिसला जायला हरकत नाही. राहायचं असेल तर पूल किती वाजता बंद होतात ते घरमालकाला विचारा.

रविवारी सकाळी काय बघायचं? कुत्री. विनोद नाही. कुत्रं फिरवायला घरूनच यावं लागतं, मॅच बघायला येणारा ते आणत नाही. बाबागाडी दिसली तर आणखी चांगलं. तळमजल्याकडेही लक्ष द्या: दरवाजे आणि खिडक्या किती, गाडीतळाची तोंडं किती, 'भाड्याने देणे' अशा पाट्या किती. सलग दोन ब्लॉक कोरी भिंत असेल तर अंधार पडल्यावर तो रस्ता लांब वाटतो.

पायरी ४: दिनदर्शिका बघा

स्टेडियम, अरीना किंवा अधिवेशन केंद्र जवळ असेल तर डाउनटाउनचं वागणं त्याच्या तारखांवर ठरतं. डेन्व्हरमध्ये १९९५ साली कूर्स फील्ड हे बेसबॉलचं स्टेडियम झालं आणि लोडो भागाला जान आली. सॅन डिएगोत २००४ मध्ये पेटको पार्क हे तसंच स्टेडियम झालं, त्यानंतर आजूबाजूला घरं उभी राहिली, त्यामुळे तिथे सामना नसतानाही वर्दळ असते. पण प्रत्येक ठिकाणी असं होत नाही. काही शहरांत सामन्याला चाळीस हजार माणसं येतात, गाडीतळातून थेट आत जातात आणि संपल्यावर अर्ध्या तासात महामार्गाला लागतात. सामन्याच्या दिवशी दहा डॉलरच्या जागी चाळीस डॉलर पार्किंग भरून बाकीचे दिवस शुकशुकाट, हा राहणाऱ्याच्या दृष्टीने तोट्याचा सौदा.

मराठी मंडळींना अशी केंद्रं अधिवेशनांमुळे ओळखीची असतात. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं २०२४ चं अधिवेशन सॅन होजेच्या मध्यवर्ती अधिवेशन केंद्रात झालं. तेव्हा त्या परिसरात नऊवाऱ्या, ढोल आणि वडापाव पाहून कुणाला वाटेल, काय चैतन्य आहे! सॅन होजे जवळपास दहा लाख वस्तीचं शहर आहे, पण त्याच्या तंत्रज्ञान कंपन्या बहुतांशी बाहेरच्या कॅम्पसांत पसरलेल्या. विमानतळ इतका जवळ की इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहे. एरवी संध्याकाळी तिथे जी हालचाल दिसते ती सॅन पेड्रो स्क्वेअर आणि विद्यापीठाच्या आसपास. आपला समारंभ म्हणजे शहराची रोजची दशा नव्हे.

हॉटेल घेणाऱ्यांना यात फायदा आहे. कचेऱ्यांच्या डाउनटाउनमध्ये सोमवार ते गुरुवार दर चढे आणि शनिवार-रविवारी उतरलेले असतात. आई-वडिलांना शहर दाखवायचं असेल तर शनिवारी स्वस्तात चांगली खोली मिळते. फक्त रात्रीच्या जेवणाची सोय आधी बघून ठेवा आणि हॉटेलचं पार्किंग वेगळं पडतं हे धरून चला.

पायरी ५: ओस आणि धोकादायक यांत फरक करा

नव्या माणसाची इथे सर्वांत जास्त गल्लत होते. रिकामा रस्ता पाहून भीती वाटते आणि गर्दी पाहून निर्धास्त वाटतं. दोन्ही वेळा अंदाज चुकू शकतो. रस्त्यावर राहणारी माणसं दिसतील, कुणी स्वतःशी बोलत असेल, कुणी पैसे मागेल. बहुतेकांना तुमच्याशी काही देणंघेणं नसतं. पैसे द्यायचे नसतील तर 'सॉरी' म्हणून चालत राहा. टक लावून बघू नका आणि फोटो तर अजिबात काढू नका.

मात्र भूगोल माहीत हवा. लॉस एंजेलिसमध्ये ऐतिहासिक भागापासून पूर्वेला काही ब्लॉक गेलात की स्किड रो लागतो, जिथे हजारो बेघर माणसं तंबूंत आणि निवाऱ्यांत राहतात. सॅन फ्रान्सिस्कोत युनियन स्क्वेअरच्या झगमगाटाला लागूनच टेंडरलॉइन आहे. हॉटेलच्या पत्त्यात युनियन स्क्वेअर असलं तरी इमारत पश्चिमेकडच्या कुठल्या रस्त्यावर आहे, ते बघा. खरा त्रास बहुधा गाडीला होतो. मागच्या सीटवर लॅपटॉपची बॅग, अगदी रिकामी पिशवीसुद्धा ठेवू नका.

बऱ्याच शहरांत भडक रंगाचे शर्ट घातलेले लोक फिरताना दिसतील. ते पोलिस नव्हेत. परिसरातल्या मालमत्ताधारकांकडून जास्तीचा कर घेऊन चालवलेल्या संस्थांची ती माणसं असतात: कचरा उचलतात, रस्ता सांगतात, आणि अनेक ठिकाणी फोन केला तर रात्री गाडीपर्यंत सोबत करतात. त्यांचा नंबर मोबाइलमध्ये ठेवा. याच संस्था दरवर्षी आपल्या भागाचा अहवाल काढतात. रहिवासी किती वाढले, किती दुकानं उघडली, सगळं त्यात असतं. जाहिरातीचा सूर वगळून वाचला तर उपयोगी.

पायरी ६: शहरं, जशी आहेत तशी

शिकागोबद्दल मी पक्षपाती आहे हे आधीच सांगतो. लूपमध्ये २०२०च्या जनगणनेत चाळीस हजारांवर रहिवासी होते, शिवाय तीन-चार महाविद्यालयं रस्त्यांवरच वसलेली. २००४ मध्ये रेल्वेरुळांवर छत घालून केलेल्या मिलेनियम पार्कने शनिवार-रविवारही भरून काढला. शेजारीच आर्ट इन्स्टिट्यूट, जिथे १८९३ साली स्वामी विवेकानंदांनी भाषण केलं, त्यामुळे पाहुण्यांना न्यायचं ठिकाणही पायी अंतरावर. कचेऱ्यांचा लासाल स्ट्रीट संध्याकाळी थंड पडतो, आणि जानेवारीत सगळंच. भारतीय किराणा मात्र दूर, उत्तरेला डेव्हॉन अव्हेन्यूवर.

फिलाडेल्फिया बाहेरून गबाळं, आतून जिवंत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिथे जुन्या इमारती घरांत बदलणाऱ्यांना दहा वर्षांची करसवलत मिळाली आणि लोक मध्यभागी राहायला आले. रिडिंग टर्मिनल मार्केट १८९३ पासून चालू आहे. रिटनहाउस स्क्वेअरला रविवारी बाकं रिकामी सापडत नाहीत. न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीट परिसरातही १९९५च्या करसवलतीनंतर कचेऱ्यांची घरं झाली, आज तिथे साठ हजारांवर लोक राहतात. रात्री नऊला तिथे लहान मुलांना शाळेचा गृहपाठ राहिल्याबद्दल रागावणारे पालक भेटतील, पर्यटक फारसे नाहीत.

डेट्रॉइटबद्दल जुन्या गोष्टी ऐकून जाऊ नका. १९५० मध्ये साडेअठरा लाखांचं शहर २०२० मध्ये साडेसहा लाखांच्याही खाली आलं, २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेलं, हे खरं. पण २००४ मध्ये झालेला कॅम्पस मार्शियस चौक, २०१० मध्ये उपनगरातून मध्यभागी आलेलं क्विकन लोन्स या गृहकर्ज कंपनीचं मुख्यालय, यांमुळे वुडवर्ड अव्हेन्यूचा मधला तुकडा आज खरोखर चांगला आहे, आणि तिथून थोडं दूर मिशिगन सेंट्रल या जुन्या रेल्वे स्थानकाची इमारतही २०२४ मध्ये, गाड्यांसाठी नव्हे तर कचेऱ्यांसाठी, पुन्हा उघडली. तुकडा म्हणतोय, कारण काही ब्लॉकपलीकडे पटांगणं पुन्हा सुरू होतात. आपली माणसं अजूनही ट्रॉय, नोव्हाय, कँटन या उपनगरांकडेच.

सेंट लुइसमध्ये सावध राहा. तिथला ४४ मजली एटी अँड टी टॉवर २००६ मध्ये वीस कोटी डॉलरच्या वर विकला गेला होता. २०१७ पासून तो रिकामा पडला आणि २०२४ मध्ये चाळीस लाख डॉलरच्याही आत गेला. मुंबईत एवढ्यात एक बरा फ्लॅट येतो. गेटवे आर्च या प्रसिद्ध कमानीजवळ पर्यटक भेटतील, राहण्यासाठी सेंट्रल वेस्ट एंड ही वस्ती बघा.

लॉस एंजेलिस अर्धं-अर्धं. १९९९च्या नियमामुळे जुन्या कचेऱ्यांत हजारो घरं झाली, १९१७ पासूनचं ग्रँड सेंट्रल मार्केट भरलेलं असतं, आणि तिथून खाली अरीनासमोर २०१९ पासून बांधकाम थांबलेले तीन टॉवर उभे आहेत, वरपासून खालपर्यंत ग्राफिटीने रंगवलेले. सॅन फ्रान्सिस्कोत कोविडनंतर कचेऱ्यांची एक तृतीयांशाच्या आसपास जागा रिकामी झाली, २०२३ मध्ये मार्केट स्ट्रीटवरचं नॉर्डस्ट्रॉम हे मोठं दुकान बंद झालं. त्यावरून 'शहर मेलं' म्हणणारे मिशन किंवा नॉर्थ बीच या वस्त्यांत गेलेले नसतात. डॅलसमध्ये महामार्गावर छत घालून २०१२ मध्ये केलेला क्लाइड वॉरन पार्क ही खरी जिवंत जागा, आणि ती डाउनटाउन नि अपटाउनच्या सीमेवर आहे. राहायचं तर तिच्या उत्तरेला.

पायरी ७: सही करण्यापूर्वी

कर तपासा. पगारपत्रकात हा धक्का अनेकांना पहिल्या महिन्यात बसतो. डेट्रॉइटमध्ये राहिलात तर २.४ टक्के शहर आयकर, सेंट लुइसमध्ये १ टक्का, फिलाडेल्फियात साडेतीन टक्क्यांहून जास्त. उपनगरात भाडं तेवढंच असलं तरी हातात येणारी रक्कम वेगळी असू शकते, पण नोकरी शहरात असेल तर तिथे राहूनही हा कर पूर्ण किंवा काही प्रमाणात लागतो. ह्यूस्टन, डॅलसमध्ये ना राज्याचा आयकर ना शहराचा.

कचेरीतून घर झालेल्या इमारतीत झोपायच्या खोलीला खिडकी आहे का ते बघा. जुन्या कचेऱ्या खोलवर पसरलेल्या असल्याने मधल्या खोल्यांना उजेड मिळत नाही आणि जाहिरातीतल्या फोटोत ते खुबीने लपवलेलं असतं. बाकीच्या खिडक्या उघडतात का तेही विचारा. स्वयंपाकघरातला पंखा हवा बाहेर टाकतो की नुसती गाळून परत आत सोडतो? दुसऱ्या प्रकारात मोहरी-हिंगाची फोडणी घातली की धुराचा गजर वाजतो आणि शेजारी दारात येतात.

पार्किंग भाड्यात आहे की वेगळं, सामन्याच्या दिवशी तुमची जागा तुमचीच राहते का, आणि खालची रिकामी दुकानं किती दिवस रिकामी आहेत, हे तीन प्रश्न लेखी विचारा. गाडी न घेता राहायचं ठरवलं असेल तर महिन्यातून एकदा उपनगरातल्या भारतीय दुकानापर्यंत जाण्या-येण्याचं टॅक्सीभाडं हिशेबात धरा. वर्षाच्या कराराऐवजी सहा महिन्यांचा मिळत असेल, तर थोडं जास्त भाडं देऊनही तोच घ्या आणि शक्यतो त्यात एक हिवाळा येऊ द्या. ह्यूस्टन किंवा फिनिक्स असेल तर एक उन्हाळा.